ओरिजिनलचे सोवळे

मोटारीच्या सुट्या भागांवर एका कादंबरीकाराने दिवाळी अंकात लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आणि तो कादंबरीकार जेमतेम दहावी झालेला चित्रकलेचा मास्तर आहे हे कळल्यावर काहींना हसूही येईल. त्यांनी खुशाल हसावे. माझ्या मालकीचे वाहन म्हणजे एक जुनी स्कूटर. ती अडली की मी तिला कोल्हापूरच्या उद्यमनगरात ढकलत नेतो, मिस्त्री मागेल ते पैसे देतो आणि घरी येतो. हवेच्या उशांवर तरंगत जाणाऱ्या श्रीमंती मोटारींशी माझा संबंध काय? संबंध आहे, आणि तो अपराध्याचा आहे. मी दिलेल्या एका सल्ल्यापायी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अख्खी लग्नसराई बुडाली. त्याची भरपाई लेख लिहून होत नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या दोन अंधश्रद्धांच्या चिमट्यात तो सापडला त्यांतली एक माझी स्वतःची होती, आणि दुसरी अजून काचेच्या दालनात सन्मानाने बसलेली आहे. दोघींचाही समाचार घेणे मला भाग आहे.

हा विद्यार्थी वर्गात मागच्या बाकावर बसत असे. गणितात तो कधी धड पास झाला नाही. पण फळ्यावर हाताने वर्तुळ काढायला सांगितले, तर कंपासपेटीला लाजवील असे काढी. पुढे तो ड्रायव्हर झाला, आणि बायकोचे दागिने पतसंस्थेत ठेवून त्याने बारा वर्षे वापरलेली, परदेशी घराण्यातली एक मोटार विकत घेतली. चैनीसाठी नव्हे. आपल्याकडे नवरदेवाला मांडवासमोर अशा मोटारीतून उतरण्याची फार हौस असते, आणि त्या उतरण्याचे लोक बरे पैसे देतात. दोन हंगामांत निम्मे दागिने सुटले. तिसऱ्या वर्षी, कार्तिकात, एका सकाळी तो माझ्या दारात उभा.

"सर, गाडी बसली."

"बसली म्हणजे?"

"गुडघं टेकल्यागत बसलीया. पुढचा डावा कोपरा पार खाली."

ज्यांनी ही जात पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टांग्याला पोलादी कमान असते, ट्रकला पाटे असतात, साध्या मोटारीला गुंडाळीची स्प्रिंग. या मोटारींत स्प्रिंगच्या जागी एक रबरी पिशवी असते. तिच्या अंगात दोऱ्यांचे विणकाम आणि पोटात दाबलेली हवा. गॅरेजात तिला बेलो म्हणतात. टायरात दोन-अडीच बार दाबाची हवा असते. हिच्यात त्याच्या कितीतरी पट. ती भरायला विजेवर चालणारा लहानसा कंप्रेसर, हवेतली ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांची डबी, कोणत्या चाकाला किती हवा द्यायची ते वाटून देणारा व्हॉल्व्हांचा ठोकळा, आणि गाडी जमिनीपासून किती उंच आहे हे क्षणोक्षणी मोजणारे सेन्सर, असा हा संसार आहे. पुढच्या चाकांवर बहुधा पिशवी आणि शॉकअप मिळून एकच खांब असतो. गाडीत दोघे बसोत की पाच, ती आपली उंची सोडत नाही. सुख खरे आहे. मी एकदा त्या मोटारीत बसलो होतो. आमच्या गल्लीतले खड्डे कुठून सुरू होतात हे त्या दिवशी मला कळले नाही.

पण रबर ते रबर. पिशवी जिथे दुमडते तिथे वर्षानुवर्षांच्या उन्हाने, धुळीने आणि हालचालीने भेगा पडतात. जोडांतल्या बारीक कड्या आटतात. कुठेतरी सुईच्या टोकाएवढी वाट मिळाली की हवा निघू लागते. रात्रीतून गाडी खाली बसते. सकाळी कंप्रेसर धापा टाकत तिला उठवतो. गळती वाढते, कंप्रेसरचे धावणे वाढते, तो तापतो, आणि एक दिवस जळतो. लहान दुखण्यातून मोठे दुखणे जन्मते ते असे. म्हणून या यंत्रणेचा पहिला नियम एवढाच आहे की गळती आधी शोधावी. पुढचे सारे रामायण हा नियम कोणीच न पाळल्यामुळे घडले.

शहाण्या माणसाने जावे तसा तो प्रथम मोठ्या शहरातल्या अधिकृत कर्मशाळेत गेला. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष एका पाटीचा नाही. तिथे गाडीला संगणक जोडला गेला आणि एक कागद बाहेर आला. कागदावर पुढचे दोन्ही खांब, कंप्रेसर आणि व्हॉल्व्हांचा ठोकळा. एका खांबाची किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. याने विचारले, "पण नेमकं कुठं गळतंय?" काउंटरवरचा तरुण म्हणाला, "आम्ही असेंब्ली बदलतो. दुरुस्त करत नाही." याने विचारले, "आणि बाहेरचा पार्ट घातला तर?" उत्तर मिळाले, "मग गाडीची जबाबदारी आमची राहणार नाही."

वाचकहो, गाडी तेव्हा पंधराव्या वर्षात होती. कंपनीची हमी संपून एक तप होत आले होते. जी जबाबदारी त्यांच्याकडे इतकी वर्षे नव्हतीच, ती काढून घेण्याची ही धमकी! आणि माझा विद्यार्थी त्या धमकीला घाबरला, कारण ती वातानुकूलित खोलीत, हळू आवाजात, स्वच्छ शर्ट घातलेल्या माणसाने दिली होती. आपल्या देशात जी गोष्ट हळू आवाजात सांगितली जाते ती शास्त्र ठरते.

तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. आणि इथे माझ्या अपराधाला प्रारंभ होतो. मी तो आकडा पाहिला आणि माझ्यातला समाजवादी जागा झाला. मी म्हणालो, "अरे, रबराची पिशवी ती! पेटीवर कंपनीचा छाप नसला म्हणून तिच्यात हवा कमी मावते काय? लुटारू आहेत सगळे. बाजारातला घे." मला यंत्रातले काही कळत नव्हते. परंतु अन्यायाविरुद्ध बोलताना ज्ञानाची गरज नसते, अशी आम्हा लेखकांची समजूत आहे. गुरुजी म्हणाले म्हणून त्याने बाजारात जाऊन त्या किमतीच्या पाचव्या हिश्शात एक खांब आणला. पेटीवर नाव नव्हते, कागदावर हमी नव्हती. ज्याने तो विकला त्याने तो बसवण्याची माणसेही दिली. गाडी उठली. मी स्वतःवर फार खूश होतो.

वैशाखात, एका गावी, वाजंत्री सुरू असताना आणि नवरदेव आत बसलेला असताना, मांडवासमोर ती मोटार पुन्हा डाव्या गुडघ्यावर बसली. लोक हसले. नवऱ्या मुलाच्या बापाने भाडे तर दिले नाहीच, वर अपशकुन झाला म्हणून चार शब्द सुनावले. लग्नाच्या धंद्यात अशी बातमी निमंत्रणपत्रिकेपेक्षा लवकर पोचते. पुढच्या तारखा एकेक करून गेल्या. त्याच आठवड्यात कंप्रेसरही जळला.

मग त्याला कोणीतरी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेले. मीही गेलो, जाणे भाग होते. मिस्त्रीने संगणक नंतर जोडला. आधी साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन तो गाडीखाली गेला. बाहेर येऊन त्याने विचारले, "जुना खांब टाकलासा का हाय?" सुदैवाने तो घराच्या माळ्यावर होता. मिस्त्रीने तो पिंपात बुडवला आणि बेताने थोडी हवा सोडली. पिशवीतून एकही बुडबुडा आला नाही. बुडबुडे आले ते वरच्या टोकाशी, जिथे हवेची नळी शिरते त्या पितळी जोडातून. काही शे रुपयांचा जोड!

मी म्हणालो, "म्हणजे जुना खांब चांगला होता?"

"चांगला न्हाई मास्तर. वय झालंय त्याचं. सहा म्हैने काढला असता, वरीस काढलं असतं. पर त्या दिवशी गुन्हेगार त्यो न्हवता." आणि मग तो जे बोलला ते मी वहीत लिहून ठेवले आहे: "गळती हुडकायची सोडून समद्यांनी पार्ट हुडकला."

नवा स्वस्त खांब का फाटला, तेही त्याने दाखवले. असा खांब बसवल्यावर त्यात हवा भरल्याशिवाय गाडीचे ओझे त्याच्यावर टाकायचे नसते. रिकाम्या पिशवीची घडी वेडीवाकडी पडते आणि त्या घडीवर रबर चिरते. बसवणाऱ्यांनी जॅक आधी उतरवला होता आणि हवा मागून भरली होती. शिवाय रबर पातळ होते आणि खालच्या कड्याचा आवळ ढिला. म्हणजे माल हलका आणि हात अडाणी, अशी दोन्ही पापे एकत्र आली होती. शेवटी मिस्त्रीच्या सल्ल्याने त्याने दोन्ही पुढचे खांब आणि कंप्रेसर बदलले, कारण आता दुसरे गत्यंतर नव्हते; पण खांब घेतले ते मुळात असे खांब बनवणाऱ्या कारखान्याच्याच पेटीतले, लेखी हमीचे. सगळे मिळून अधिकृत कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी पडले. ते पैसे दागिन्यांतूनच आले. सुटलेले दागिने परत पतसंस्थेत गेले.

एवढी कथा. आता वाद.

पहिला पंथ सोवळ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, मोटार-कंपनीच्या पेटीतून आलेला भाग तेवढा शुद्ध, बाकी सारे ओवळे. हे सोवळे किती खरे आहे ते पाहू. मोटार-कंपनी ही पिशवी, हा शॉकअप, हा कंप्रेसर बहुधा स्वतः बनवतच नाही. शॉकअप बनवणारी जर्मन कंपनी बिलस्टाइन, पिशव्या बनवणाऱ्या काँटिनेंटल आणि व्हायब्राकूस्टिक, कंप्रेसर बनवणारी वाब्को, रेंज रोव्हरच्या पिशव्या बनवणारी इंग्लंडातली डनलॉप, अशी ही खरी कारागीर मंडळी आहेत. त्यांच्याकडून माल घ्यायचा, त्यावर आपले चिन्ह उमटवायचे आणि किंमत लावायची, हा मोटार-कंपनीचा व्यवहार. त्यात गैर काही नाही. तपासणी आणि जबाबदारी यांचे मोल असतेच. पण बिलस्टाइनसारखा कारखाना अनेक मोटारींचे असलेच खांब स्वतःच्या नावाच्या पेटीत घालूनही विकतो. मग चिन्हाच्या पेटीतला खांब तेवढा अस्सल आणि कारागिराच्या पेटीतला 'बाहेरचा' हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? कुंभाराच्या अंगणात घेतले तर ते मडके नव्हे, आणि सावकाराच्या ओसरीवर घेतले तर मडके!

दुसरे, कारखान्यातून आले म्हणजे निर्दोष, हेही इतिहासाला धरून नाही. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅकची एल्डोराडो ब्रूम ही अतिमहाग मोटार हवेच्या पिशव्यांवर उभी करून विकली गेली. पिशव्या कारखान्याच्या, चिन्ह कारखान्याचे, सारे शुद्ध सोवळ्यातले. त्या इतक्या गळू लागल्या की पुष्कळ मालकांनी त्या काढून साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. जर्मनीत मर्सिडीझने १९६१ साली ३०० एसईला आणि १९६३ साली आपल्या थोरल्या ६०० ला हवेची गादी दिली, आणि १९९८ साली एस-क्लासमध्ये एअरमॅटिक या नावाने ती नव्या रूपात आणली. रेंज रोव्हरमध्ये ती १९९२ साली आली. या इतक्या वर्षांत यंत्रणा पुष्कळ सुधारली, यात शंका नाही. पण सुधारणा गळतीचा अभ्यास करून झाली. चिन्हाची पूजा करून झाली नाही. आणि त्या अभ्यासात बाहेरच्यांचाही वाटा आहे. अमेरिकेतली आरनॉट ही कंपनी १९८९ पासून बाहेरचे भाग बनवण्याच्याच धंद्यात आहे. जुने खांब घेऊन त्यांना नवी पिशवी चढवून देण्याचे कामही ती करते. गंमत अशी की काही मोटार-कंपन्या स्वतःही जुना भाग परत घेऊन, नवा करून, पुन्हा विकतात. त्यांनी केला तर तो जीर्णोद्धार. उद्यमनगराने केला तर जुगाड!

तिसरे, हे सोवळे कोण पाळायला लावतो, तेही पाहिले पाहिजे. दि. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप काय होता? हाच, की सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात येऊ दिली जात नाहीत आणि त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाल्याचे हात बांधले जातात. त्या चौदांत सामान्यांच्या मोटारी करणारे होते तसे श्रीमंतांच्या करणारेही होते. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ च्या डिसेंबरात तीन कंपन्यांच्या अपिलात दंड कमी झाला, पण दोषाचा निष्कर्ष कायम राहिला. इतरांचे वाद वेगवेगळ्या न्यायालयांत चालले. अमेरिकेने तर १९७५ सालीच कायदा केला की, अमुक नावाचाच भाग वापराल तरच हमी, अशी अट ग्राहकावर लादता येणार नाही; तो भाग फुकट देत असाल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत मोटारी आहेत. सांगायचे इतकेच की, काउंटरवरचा तो हळू आवाज म्हणजे वेदवाक्य नव्हे. त्याच्यावर खटला होऊ शकतो आणि झालेलाही आहे.

आणि एक गोष्ट मला फार टोचते. मर्सिडीझचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकणला आहे. ऑडी मोटारी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडल्या जातात. या मोटारी जोडणारे हात आपल्याच पोरांचे आहेत. कोणी जुन्नरचा, कोणी पैठणचा. तोवर त्याचा हात अधिकृत. उद्या त्याने नोकरी सोडून गावी स्वतःचे गॅरेज काढले की तोच हात, तोच पाना, तीच अक्कल एका रात्रीत 'बाहेरची' होते. ही शुद्धता गुणाची म्हणायची की जातीची, हे वाचकांनीच ठरवावे.

इथवर वाचून माझ्यासारख्यांना फार बरे वाटले असेल. त्यांनी आता सावध व्हावे, कारण दुसरा पंथ आमचा आहे. आम्ही स्वस्तपूजक. सोवळ्याचा राग आला की आम्ही थेट उकिरड्यावर जेवायला बसतो आणि त्याला क्रांती म्हणतो. 'सगळा माल एकाच ठिकाणी बनतो हो, फक्त स्टिकर बदलतात,' हे आमचे ब्रह्मवाक्य. ते साफ खोटे आहे. रबराच्या थरांत दोरे किती आणि कसे विणले, कडे किती ताकदीने आवळले, शॉकअपच्या आतला विजेचा व्हॉल्व्ह त्या गाडीच्या वजनाला जुळवला की नाही, यांवर पिशवी दहा वर्षे जगते की दहा आठवडे, हे ठरते. बाहेरून दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात.

मी चित्रकला शिकवतो, म्हणून माझ्या वर्गातला दाखला देतो. एक मुलगा माझे चित्र समोर ठेवून स्वतःचे काढतो आणि खाली स्वतःचे नाव घालतो. तो अभ्यास. चित्र कदाचित माझ्यापेक्षाही चांगले साधते. दुसरा मुलगा काढतो आणि खाली माझी सही ठोकतो. ती लबाडी. तिसरा काढतो आणि नावच घालत नाही, कारण उद्या गुण कमी मिळाले तर ते चित्र आपले नव्हे असे त्याला म्हणायचे असते. बाजारात हेच तिघे आहेत. स्वतःच्या नावाने भाग विकणारा कारखाना, मग तो मोटार-कंपनीला माल पुरवणारा असो वा नसो, तो पहिला. त्याच्याकडे तक्रार घेऊन जाता येते. मोटार-कंपनीचे खोटे चिन्ह लावणारा दुसरा. त्याला तुरुंगच योग्य. आणि बिनानावाच्या पेटीवाला तिसरा. मी माझ्या विद्यार्थ्याला या तिसऱ्याच्या दारात पाठवले. कंपनीच्या लुटीविषयी मी जे बोललो ते कदाचित खरे असेल, पण त्यामुळे तिसऱ्याचा माल चांगला होत नव्हता. एकाचे पाप हे दुसऱ्याचे प्रमाणपत्र नसते.

आणखी एक उपाय हल्ली सुचवला जातो: हवाच काढून टाका, पोलादी स्प्रिंगा बसवा, आणि डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पेटू नये म्हणून एक छोटी पेटी जोडा, जी गाडीला 'सारे ठीक आहे' असे सांगत राहील. पैशांची अडचण असेल त्याने असे केले तर मी त्याला दोष देणार नाही. गाडी चालते, आणि पिशव्या गळायच्या थांबतात. पण ती गाडी मग ती गाडी राहत नाही. पुढे विकताना घेणाऱ्याला हे सांगितले पाहिजे. न सांगता विकणारा आणि न तपासता असेंब्ली बदलणारा हे दोघे सख्खे भाऊ होत.

आता प्रतिपक्षाचे खरे मुद्दे, कारण ते आहेत. नवी, हमीतली मोटार असेल तर बाहेर जाण्यात शहाणपण नाही; हमी संपेपर्यंत तो खर्च त्यांचा. ज्या गाडीचे शॉकअप विजेने क्षणोक्षणी कडक-मऊ होतात, तिला त्या जुळणीचाच खांब लागतो. तसा बाहेर मिळत नसेल तर कंपनीचाच घ्यावा, कुरकुर न करता. दोन्ही बाजूंचे खांब एकाच वयाचे असतात, म्हणून एक गेला की दुसऱ्याकडेही नीट पाहावे, हा सल्ला खोटा नाही. खोटे होते ते न पाहताच दोन्ही बदला म्हणणे. आणि कंप्रेसर खूप दमलेला असेल तर नव्या खांबाबरोबर तोही बदलणे पुढच्या खर्चाच्या मानाने स्वस्तच. हे सारे मला मान्य आहे. हे मला कोणी पटवून दिले असते, तर मी आनंदाने तो मोठा आकडा मान्य केला असता. पण पटवून देणे हेच तर त्या दालनात निषिद्ध आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत निर्दय आहे आणि तो मी सुशिक्षितांच्या तोंडून सर्वाधिक ऐकला आहे. 'परवडत नाही तर अशा गाड्या घ्याव्यात कशाला?' किती सोपे! ज्याने ती नवी घेतली त्याने तिचे सुख पाच वर्षे भोगले आणि दुखणे सुरू होण्याआधी ती विकली. पुढची पंधरा वर्षे ती वापरणारा, पोटासाठी वापरणारा, तो मात्र हौशी आणि उधळ्या! जुन्या मोटारी वापरणारे नसते तर नव्यांना पुनर्विक्रीची किंमत कोणी दिली असती? वस्तू विकताना कारखान्याला गिऱ्हाईक श्रीमंत आहे की गरीब हे विचारावेसे वाटत नाही. दुरुस्तीच्या वेळीच बरी ऐपत आठवते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. अधिकृत असो वा गल्लीतला, प्रत्येक कारागिराने आधी गळती दाखवावी, मग भाग सांगावा. बिलावर भाग बनवणाऱ्याचे नाव आणि भागाचा क्रमांक असावा. काढलेला जुना भाग मालकाला परत मिळावा. तो मालकाचाच असतो आणि पुष्कळदा तोच एकमेव साक्षीदार असतो. बसवण्याची कृती आणि दोष शोधण्याची उपकरणे वाजवी किमतीत सर्वांना मिळावीत. रिकाम्या पिशवीवर ओझे टाकू नये हे ज्ञान गुप्त ठेवून कोणाचे भले होते? आणि गिऱ्हाइकाने पेटीवरचा छाप आणि पेटीची किंमत या दोन्हींच्या आधी तीन प्रश्न विचारावेत: हा कोणी बनवला, हमी कोण आणि किती दिवस देतो, आणि बसवणाऱ्याने याआधी असे काम केले आहे काय? यांतल्या एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर पेटी सोन्याची असली तरी दुकानातून बाहेर पडावे.

माझा विद्यार्थी अजून तीच मोटार चालवतो. तिसऱ्या हंगामातही ती उभी आहे. जुना खांब त्याने पुन्हा माळ्यावर ठेवला आहे. मध्यंतरी त्याच्या एका मित्राची तसलीच मोटार मागच्या बाजूने बसू लागली, तेव्हा दोघे माझ्याकडे आले. "सर, ओरिजिनल घालावा का बाहेरचा?" मी म्हणालो, "मला विचारू नका. आधी मिस्त्रीकडे जा आणि साबणाचे पाणी लावून बघा." ते गेले. पन्नास वर्षांच्या आत मास्तरला एवढी अक्कल आली, हे काही थोडे नाही. पण ती ज्याच्या पैशांनी आली त्याच्या बायकोचे दागिने अजून पतसंस्थेत आहेत.